विश्लेषण: पॅकेज इन्स्टॉल होतं, तरी पायथनला ते सापडत का नाही?

'पिप इन्स्टॉल पांडाज' ही कमांड दिली. 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं उत्तरही आलं. मग व्हीएस कोडमध्ये प्रोग्राम चालवला, तर पहिल्याच ओळीवर 'मॉड्यूल नॉट फाउंड'! पायथन शिकणाऱ्या असंख्य जणांची पहिली संध्याकाळ यातच जाते आणि 'कोडिंग आपल्याला जमणारं नाही' असं काही जण तिथेच ठरवून टाकतात. 2023 पासून त्यात आणखी एका त्रासाची भर पडली आहे. लिनक्सवर पिप अनेकदा इन्स्टॉल करायलाच नकार देतं.

एका संगणकात पायथन किती?

व्हीएस कोड हा फक्त एडिटर आहे, त्याच्यासोबत पायथन येत नाही. कोड प्रत्यक्ष चालवतो तो इंटरप्रिटर, आणि तो वेगळा बसवावा लागतो. हळूहळू एकाचे तीन होतात. एक अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेला, दुसरा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेला आणि तिसरा क्लासमध्ये सांगितलं म्हणून टाकलेल्या ॲनाकोंडाबरोबरचा. प्रत्येकाची पॅकेजं ठेवण्याची जागा वेगळी. टर्मिनलमधल्या पिपने किराणा एका घरी उतरवला आणि एडिटर स्वयंपाकाला उभा राहिला दुसऱ्याच घरी, असा हा प्रकार. कोडमध्ये चूक नसतेच. वैतागून पायथन पुन्हा इन्स्टॉल केलं, तर बहुतेकदा घरात आणखी एक पायथन वाढतो, एवढंच.

घोळ ओळखायचा कसा?

प्रोग्रामलाच विचारायचं. 'सिस' मॉड्यूल इम्पोर्ट करून 'सिस.एक्झिक्युटेबल' प्रिंट केलं, की कोणता इंटरप्रिटर चालतोय त्याचा पूर्ण पत्ता मिळतो. हेच टर्मिनलमध्येही करून पाहायचं. दोन पत्ते वेगळे निघाले, तर चोर सापडला.

पायथनची फाइल उघडी असताना व्हीएस कोडच्या तळाशी उजवीकडे आवृत्तीचा आकडा दिसतो. त्यावर क्लिक करून, किंवा कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' निवडून, योग्य तो पत्ता देता येतो. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुन्याच इंटरप्रिटरला धरून बसलेलं असू शकतं, त्यामुळे नवं टर्मिनल उघडावं. ज्युपिटर नोटबुकचं कर्नल तर वेगळंच निवडावं लागतं. आणि नुसतं 'पिप' लिहिण्याऐवजी 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' लिहिलं, तर ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरी सामान जातं.

लिनक्स नकार का देतं?

जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 मध्ये आणि त्याआधी एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू 23.04 मध्ये 'पेप 668' हा नियम लागू झाला. लिनक्समधली अनेक साधनं स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली असतात. तुमच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलली, तर त्या साधनांचा पाया हलू शकतो. म्हणून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये, असं ठरलं.

निर्णय योग्यच होता. अडचण पुढे आहे. एररचा संदेश सर्च केला, की 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय कमांडला जोडा, असा सल्ला हमखास मिळतो. 'सिस्टिमची पॅकेजं मोडा' असं नाव मुद्दाम दिलेलं आहे, तरी ते डोळे मिटून पेस्ट केलं जातं. काम तेवढ्यापुरतं होतं, पण नंतर एखादं साधन बंद पडलं तर त्याचं कारण कुणालाच आठवत नाही.

मग करायचं काय?

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. 2012 च्या पायथन 3.3 पासून त्यासाठीचं 'व्हेन्व्ह' पायथनमध्येच आहे, आणि व्हीएस कोडमध्ये 'पायथन: क्रिएट एन्व्हायर्नमेंट' ही कमांडही आहे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ते सुरू करताना 'स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे' असा संदेश आला, तर तो सुरक्षा धोरणाचा भाग असतो, पायथन बिघडलेलं नसतं. एवढ्यासाठी ते धोरण सैल करण्याचीही गरज नाही. एडिटरमध्ये त्या एन्व्हायर्नमेंटचा इंटरप्रिटर निवडला, तरी प्रोग्राम चालतो.

या फोल्डरचं नाव बदललं किंवा तो दुसरीकडे हलवला, की आतले पत्ते जुनेच राहतात आणि घोळ पुन्हा सुरू होतो. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा डिलीट करून नवा बनवणं सोपं. पॅकेजची यादी 'रिक्वायरमेंट्स' फाइलमध्ये असेल, तर काही मिनिटांचं काम.

2024 मध्ये आलेलं 'यूव्ही' हे साधन पायथनची आवृत्ती, एन्व्हायर्नमेंट आणि पॅकेजं अशी तिन्ही कामं एकत्र आणि बऱ्याच वेगाने करतं. मात्र त्याने बनवलेलं एन्व्हायर्नमेंट एडिटरने उचललं आहे की नाही, हे त्या उजव्या कोपऱ्यात एकदा पाहावंच लागतं.