कुठले माने?

परवा आमचा एक दोस्त डोंबिवलीत भाड्याची खोली बघायला गेला. राहणार कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीचा, नोकरी ठाण्याला, लग्न ठरलेलं. घरात थोरल्या भावाचा संसार, म्हणून वेगळी खोली पाहिजे. आडनाव माने. एजंटाने आडनाव ऐकलं आणि दात काढले. 'अशी ही बनवाबनवी'त धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारं ते वाक्य त्याने थेट लक्ष्याच्या आवाजात फेकलं. दोस्तही हसला. महाराष्ट्रातल्या एकाही मान्याची या विनोदातून सुटका नाही.

मग दोघं घरमालकाकडे गेले. चहा आला. डिपॉझिट, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, पाण्याची वेळ, सगळं बोलून झालं. मालकाने कप खाली ठेवला आणि विचारलं, "माने म्हणजे कुठले माने?"

"सोलापूरकडचे."

"तसं नाही हो. म्हणजे आपल्यातलेच ना?"

दोस्त गप्प बसला. दुसऱ्या दिवशी एजंटाचा फोन. खोली मालकाच्या भाच्याला हवी आहे म्हणे.

या राज्यात माने मराठ्यांत आहेत, आपल्यात आहेत, कैकाड्यांतही आहेत. १९८० साली 'उपरा' लिहून पांढरपेशा साहित्याची झोप उडवणारे लक्ष्मण मानेही मानेच. म्हणून तर मालकाला 'कुठले' हा शब्द लागतो. सिनेमात मात्र तो कुणालाच लागला नाही. दोस्ताने ही हकीकत सांगितली त्या रात्री आम्ही अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या त्या काळातले सिनेमे पुन्हा लावले आणि वही घेऊन बसलो.

आधी कबुली देतो. आम्हीही हसलो. याआधीही हसलो होतो. आमच्या गल्लीत चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री पताका लावून झाल्या की व्हीसीआर भाड्याने यायचा, आणि बायाबापड्या, पोरंटोरं, कारखान्यातून सुटलेली माणसं पहाटेपर्यंत या जोडीला बघत खिदळायची. अशोक सराफ जिभेने थाप मारतो आणि लक्ष्या ती अंगाने निस्तरतो. एकाचा डोळा पुढच्या थापेवर, दुसऱ्याच्या पोटात मागच्या थापेचा गोळा. असली जोडी मराठी पडद्याला पुन्हा मिळाली नाही. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेला तेव्हा आमच्या वस्तीतही माणसं हळहळली. अशोक सराफना २०२५ साली पद्मश्री मिळाली, आनंद आहे. या दोन नटांशी आमचं भांडण नाही. आमचं भांडण त्यांच्याभोवतीच्या गोष्टीशी आहे.

आता वहीत काय निघालं ते बघा. १९८५ चा 'धूमधडाका'. पोराचं लग्न जमावं म्हणून अशोक सराफ खोटा श्रीमंत बाप होतो. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. खोली मिळावी म्हणून सचिन आणि लक्ष्या लुगडं नेसून खोट्या बायका होतात. १९९१ चा 'आयत्या घरात घरोबा'. मालक परदेशी गेला की अशोक सराफ त्याच्या बंगल्यात घुसून खोटा मालक होतो. गरिबाने श्रीमंताचं सोंग घेतलं, पुरुषाने बाईचं घेतलं, बेघराने मालकाचं घेतलं. हसवून हसवून सगळी सोंगं वठवली. एक सोंग तेवढं राहिलं. या देशात सगळ्यात जास्त माणसांनी, सगळ्यात जास्त वर्षं, रोज सकाळी उठून घेतलेलं सोंग. जातीचं.

'बनवाबनवी' घ्या. अख्खा सिनेमा भाड्याच्या खोलीवर उभा आहे. लीलाबाई काळभोरांची अट एकच: जोडपं पाहिजे. तेवढ्यासाठी साड्या, बांगड्या, डोहाळजेवण आणि अरुण पौडवालांच्या चालीवरचं डोहाळजेवणाचं गाणंसुद्धा! पण ती बाई एकदाही विचारत नाही, कुठले माने? पुण्यातली घरमालकीण, वाडा तिचा, पोरं अनोळखी, आणि आडनावाच्या मागे काय आहे याची तिला पडलेली नाही! असली घरमालकीण आम्हाला ठाणे, डोंबिवली, कल्याणला कुठे सापडली तर कळवा. सत्कार करू.

कुणी म्हणेल, सिनेमा हा सिनेमा असतो, त्यात जात कशाला घुसवता? ही कथा मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून आली, मग दोष कुणाला द्यायचा? मित्रांनो, खोलीच्या दारात जात आम्ही घुसवलेली नाही. ती तिथे आधीपासून उभी होती. तिला उचलून बाजूला ठेवलं म्हणून तर हा सिनेमा इतका हलकाफुलका झाला. शेवटी सोंग उघडं पडतं, म्हातारी रागावते, मग विरघळते, सगळ्यांची लग्नं लागतात. पुरुष होता हे कळल्यावर माफी मिळते. महार होता हे कळल्यावर काय मिळतं ते बाबूराव बागुलांनी १९६३ सालीच लिहून ठेवलंय. 'जेव्हा मी जात चोरली होती' हे त्या पुस्तकाचं नाव. तिथेही एक तरुण आहे, नवी नोकरी आहे आणि लपवलेली जात आहे. ती उघडी पडते तेव्हा काठ्या बसतात.

आणि आमच्या बनवाबनवीचा इतिहास त्याच्याही मागचा आहे. १९१७ साली कोलंबियातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांनी सोंग फुटलं, काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्या विद्वानाला सामान उचलून बाहेर पडावं लागलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. बघा, कथा तीच आहे. खोली पाहिजे, खोटं नाव आहे, पकडले जाण्याची भीती आहे. पण थिएटरात कोण हसेल?

आता घरचं सांगतो. माझी मावशी डोंबिवलीला एका चाळीत भाड्याने राहायची. आडनाव जाधव, म्हणून मालकाने मराठा धरलं आणि यांनी धरू दिलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, पण दारावर टकटक झाली की तो कॉटखाली जायचा. एकदा मालक भाडं घ्यायला आला आणि काकांच्या तोंडून सवयीने "जय भीम" गेलं. मालक बघतोय. काका म्हणाले, "जय... भीमसेन जोशींची कॅसेट कुठे ठेवलीस गं?" मावशीने कपाट उघडून शोधल्यासारखं केलं. घरात टेपरेकॉर्डर नव्हता.

हा प्रसंग आमच्याकडे वर्षानुवर्षं सांगितला जातो आणि प्रत्येक वेळी सगळे पोट धरून हसतात. अशोक सराफच्या तोंडी शोभावी अशी थाप आणि लक्ष्याने करावी अशी ती कपाटातली शोधाशोध.

पण याच्या पुढचं सांगताना मावशी हसत नाही. सहा डिसेंबरला ती दादरला जायची. पांढरी साडी घरातून नेसून निघायची सोय नव्हती, शेजारीपाजारी लगेच ओळखणार. म्हणून रंगीत साडी नेसून निघायची, पांढरी पिशवीत. दादर स्टेशनावर बायकांच्या वेटिंग रूममध्ये बदलायची आणि चैत्यभूमीवर जायची. परतताना पुन्हा तिथेच रंगीत. सिनेमात लक्ष्या खोलीसाठी साडी नेसतो आणि महाराष्ट्र हसतो. माझी मावशी वर्षातून एक दिवस स्वतःसारखं दिसायला स्टेशनावर साडी बदलायची. पुढे एकदा फोटो काढायचा राहिला. मालक काहीच बोलला नाही. नळाचं पाणी कमी झालं, मग अॅग्रीमेंट पुढे वाढलं नाही.

आज काय बदललंय? चाळी पडून टॉवर झाले. घोडबंदर रोडला लिफ्ट आहे, गेटवर कॅमेरा आहे, आणि प्रश्न तोच आहे. फक्त आता तो "व्हेज की नॉनव्हेज" असा विचारतात. कायद्याचं म्हणाल तर २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा, एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा नियम वैध धरला. घटनेतली समता सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे नाव लिहून उभी आहे.

आणखी एक हिशेब मांडायचाय. पुरुषाने लुगडं नेसून हसवायचं हा विनोद आला कुठून? गणगौळणीतल्या मावशीकडून! तमाशात पुरुषच ती मावशी होतो, आणि महार, मांग, कोल्हाट्यांच्या पिढ्यांनी तमाशा जगवला. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी जोडीच्या विनोदावर गावंच्या गावं हसवली. 'बनवाबनवी' लिहिणारे वसंत सबनीस म्हणजे तेच, ज्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहून तमाशाचा बाज शहरी रंगमंचावर आणला. त्यांच्या लेखणीला आम्ही दाद देतो. पण विनोदाची रीत आमच्या फडातून उचलली आणि आमचं दुःख तेवढं फडातच ठेवलं, हे बोलायचं नाही का?

म्हणून सिनेमावर बंदी घाला, पोस्टर जाळा, असलं काही आम्ही म्हणत नाही. बघा, पोट धरून हसा. पण हसून झालं की कागद घ्या. पडद्यावर आपला माणूस आजवर बहुतेक मार खाताना आला. 'फँड्री'तल्या पोराने २०१३ साली दगड भिरकावला, तो लागायचा तिथे लागला. आता विनोदही आपलाच पाहिजे. रडण्याचं काम कायमचं आपल्याकडे आणि हसवण्याचं त्यांच्याकडे, ही वाटणी कुणी केली? कॉटखालचा फोटो, भीमसेन जोशींची कॅसेट, दादरची वेटिंग रूम, भाच्याची आयत्या वेळची गरज. अख्खा सिनेमा घराघरात पडलाय. लिहा. फक्त त्यात शेवटी कुणाची माफी मागायची नाही. मालकाने विचारलं, कुठले माने, की हिरोने चहा संपवायचा, फोटो कॉटखालून काढून भिंतीवर ठोकायचा आणि सांगायचं, हे आमचे. आता बोला, भाडं किती?

डोंबिवलीत सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्याचा पहिला प्रयोग तिथे लावू. मालकांना पुढच्या रांगेचे पास फुकट देऊ.