दिवाभीतास एक खोका

घुबड हें लक्ष्मीचें वाहन, असें आपण मुलांस सांगतों. आणि लक्ष्मीपूजनाच्याच रात्रीं तें आळींत ओरडलें, कीं धोंडा शोधूं लागतों! बाळपणीं वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्हींही तो धोंडा मारलेला आहे. आजचें हें लिहिणें म्हणजे थोडेंसें प्रायश्चित्तच समजावें.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रांत कावळे घुबडांच्या गुहेस आग लावितात. ती कथा आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकविली. परंतु आमच्या आळींतील जुना वाडा पाडला आणि माळ्यावरील गव्हाणी घुबडांचें बिऱ्हाड उठलें, तेव्हां कोणत्या कावळ्यास बोल लावावा?

उंदीर हेंच या पक्ष्याचें मुख्य अन्न. इस्रायलांतील स्दे एलियाहू या सामुदायिक वस्तीनें १९८३ सालीं शेतांत लांकडी खोके उभारून त्यास मुद्दाम बोलाविलें. तेंच आपणांसही करितां येईल. दीड फूट रुंद, दोन फूट लांब व दोन फूट उंच असा खोका सुताराकडून करून घ्यावा. तळापासून दीड फुटावर पांच इंचांचें भोक ठेवावें, म्हणजे पिल्लें बाहेर पडणार नाहींत. पाणी निथळण्यासाठीं तळाशीं बारीक छिद्रें असावींत. बारा-पंधरा फूट उंचीवर, दिव्याच्या उजेडापासून दूर व नैऋत्येच्या पावसाकडे तोंड न करितां तो बसवावा. अंडीं-पिल्लें असतां आंत डोकावूं नये. १९७२ च्या कायद्यानें या पक्ष्यास संरक्षण आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. खोका टांगावयाचा असेल, तर घरांत उंदरांचें विष ठेवूं नये. विष खाल्लेला उंदीर घुबडानें गिळला, कीं तें त्याच्याही अंगांत भिनतें. अतिथीस पाट मांडावा आणि ताटांत विष वाढावें, असाच तो प्रकार होय! धान्य झांकून ठेवावें, पिंजरा लावावा.

आम्हीं खोका बसविला, तेव्हां आमच्या मातोश्री दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. "अशुभ घरीं आणतोस," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यास वर्ष होऊन गेलें. खोका अद्याप रिकामाच आहे. पक्षी आपल्या सवडीनें येतात, म्हणून आम्हीं तो काढलेला नाहीं. परवां दिवेलागणीस मातोश्रींनीं ओसरीवरून हांक मारून विचारलें, "काय रे, आलें का तुझें पाखरूं?"