मोहल्ल्याचा फोटो कोण काढणार?

आमच्या समाजात सोयरीक जुळवताना मुलगा काय करतो, या प्रश्नाला 'फोटोग्राफर आहे' असे उत्तर आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'ते ठीक, पण कामधंदा काय?' अंथुर्णे काय, बारामती काय, इंदापूर काय, अनुभव सारखाच. ट्रॅक्टरचा मेकॅनिक चालतो, साखर कारखान्यातला हंगामी कामगार चालतो, फळांचा व्यापारी असेल तर उत्तमच. फोटो काढणारा मात्र 'फोटोवाला'. त्याने कार्डावर नावाखाली फोटोग्राफर असे छापून घेतले तर मंडळी गालात हसतात. बँडवाल्याने स्वतःला उस्ताद म्हणवून घ्यावे तसे ते त्यांना वाटते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. या फोटोवाल्याची किंमत आम्हाला वेगळ्या ठिकाणी कळली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या अर्जांवर फोटो लागू लागले. (२०२२ मध्ये ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बंद केली गेली, तो वेगळ्या लेखाचा संताप आहे.) कितीतरी मुलींचा आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो त्या अर्जासाठी निघाला. स्टुडिओत तिला कोणी तरी सांगितले, बेटी, हनुवटी वर कर, इकडे बघ. डोळे मिटले तर पुन्हा काढला आणि पैसे एकदाच घेतले. सरकारदरबारी त्या मुलीला चेहरा मिळाला तो या माणसामुळे. आणि आपण त्याला विचारतो, कामधंदा काय?

आता दुसरी बाजू पाहा. आपली नेहमीची तक्रार असते की वर्तमानपत्रे आणि वाहिन्या आपल्याला एकाच साच्यात दाखवतात. मुसलमान म्हटला की टोपी, दाढी, बुरखा, नमाजाच्या रांगा, नाही तर दगड हातात घेतलेला जमाव. तक्रार खरी आहे. पण ती करणाऱ्यांना आम्ही विचारतो, मग तुमचा स्वतःचा फोटो तुम्ही कोणाकडून काढून घेतलात?

कुतुबुद्दीन अन्सारी हे नाव कदाचित सगळ्यांना आठवणार नाही, चेहरा आठवेल. १ मार्च २००२, अहमदाबाद. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, शर्टावर डाग. रॉयटर्सचे अर्को दत्ता यांनी तो फोटो काढला आणि गुजरातमध्ये काय चालले आहे ते जगाला एका चेहऱ्यातून कळले. फोटोग्राफरने आपले काम चोख केले, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण पुढे काय झाले? अन्सारी आपल्या महाराष्ट्रात, मालेगावला बहिणीकडे येऊन राहिले, तर तिथेही लोकांनी ओळखले, कारण फोटो त्यांच्या आधीच पोहोचला होता. मग कोलकाता, मग पुन्हा अहमदाबाद. २०१६ मध्ये आसामच्या निवडणुकीच्या जाहिरातीत तोच फोटो छापला गेला आणि त्यांना जाहीरपणे हरकत घ्यावी लागली. स्वतःचा चेहरा, पण त्यावर स्वतःचा हक्क नाही.

अन्सारी व्यवसायाने शिंपी. शिलाई मशीनवर बसलेले, तोंडात टाचण्या धरून कापड मापणारे अन्सारी आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांसमोर येतात? येणार नाहीत, कारण दंगलीच्या दिवशी फोटोग्राफर बाहेरून येतो आणि इतर तीनशे चौसष्ट दिवसांचा फोटो काढायला मोहल्ल्याचाच माणूस लागतो. तो माणूस आपण तयार होऊ दिला नाही.

धर्माचे नाव पुढे येईल, हे आम्ही धरून आहोत. तस्वीर हराम आहे की नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच कॅमेऱ्याचा फोटो जायज ठरवणारा रिसाला लिहिला होता. त्यांच्या मते हे नवे रूप घडवणे नव्हे, पडलेली सावली अडवून ठेवणे आहे. उलट २०१३ मध्ये देवबंदहून फोटोग्राफी नाजायज असल्याचे मत आले. ज्याला जे पटते ते त्याने मानावे. आम्ही मुफ्ती नाही, बी.एड. झालेले मास्तर आहोत. आमची हरकत आहे ती सोयीच्या परहेजगारीला. हजच्या पासपोर्टला फोटो चालतो. ईदच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर पंधरा-पंधरा चेहरे चालतात, तेही कॉम्प्युटरवर गोरे करून. निकाहच्या स्टेजवर ड्रोन चालतो. फक्त ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याची रोजी तेवढी शंकास्पद!

आणि धर्मच काढायचा तर पूर्ण काढा. गवाही लपवणे गुनाह आहे, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. फोटोग्राफर दुसरे काय करतो? सेबॅस्टियन डिसूझा यांनी २००२ मध्ये अहमदाबादेत अशोक परमार यांचा, डोक्याला पट्टी बांधून हात उंचावलेला फोटो काढला होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात बंदूकधारी कसाबचा फोटोही त्यांनीच काढला आणि २००९ मध्ये खटल्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून त्याला ओळखले. फोटोग्राफर म्हणवून घेण्याचा अर्थ आम्हाला तिथे सापडतो. महागडी लेन्स म्हणजे फोटोग्राफर नव्हे. 'हा फोटो मी काढला, मी तिथे होतो' एवढे नावानिशी सांगायची ज्याची तयारी आहे, तो फोटोग्राफर.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरला जाते. बेलवडीच्या रिंगणात अश्व धावू लागले की गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवलेल्यांची झुंबड उडते. त्यातले बहुतेक दिवस मावळायच्या आत निघून जातात. बातमीचे काम तसेच असते. पण मराठीत दुसरीही रीत आहे. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले आणि त्यातून पुस्तक झाले. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही माणसे एकदा गेली आणि आली असे झाले नाही. पिंजारी, बागवान, आतार, मोमीन, मणेर यांच्या दुकानांत आणि स्वयंपाकघरांत असे कोण बसले?

आमच्या तरुणांनाही दोन शब्द. नावापुढे 'फोटोग्राफी' लावून फोटोच्या कोपऱ्यात इंग्रजी वळणदार अक्षरांचा शिक्का मारला की काम संपत नाही. चार लग्नांचे अल्बम सारखेच, नवरी बदलली एवढेच. त्याच लग्नात मागच्या अंगणात पहाटेपासून देगीशी उभा असलेला बावर्ची असतो, हळदीला ढोलकीवर गाणाऱ्या म्हाताऱ्या खाला असतात. त्यांचा फोटो काढायचे पैसे कोणी देत नाही, हे मान्य. पण पैसे न मिळता काढलेले दहा फोटो दाखव, मग तुला काय म्हणायचे ते ठरवू, असे आम्ही म्हटले तर राग येऊ नये.

१६ जुलै २०२१ रोजी दानिश सिद्दीकी अफगाणिस्तानात मारला गेला. रोहिंग्यांच्या फोटोंसाठी २०१८ मध्ये रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर मिळाले, त्या चमूत तो होता. त्या आठवड्यात आपल्या मोबाईलवरच्या गटांत 'कौम का फख्र' म्हणून त्याचे चेहरे फिरले. चांगले झाले. पण तोच दानिश अंथुर्ण्यात जन्मला असता आणि सतराव्या वर्षी त्याने अब्बांकडे कॅमेरा मागितला असता, तर आपण त्याला मुकाट्याने आय.टी.आय.ला घातले असते.

एक काम मात्र आजच करण्यासारखे आहे. आपल्या पट्ट्यातल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर निगेटिव्हचे डबे पडून आहेत. डिजिटल आल्यावर त्यांना कोणी हात लावला नाही. काही भंगारात गेले, काहींना पावसाळ्यात बुरशी धरली. त्यांत आपल्या आजी-आजोबांचे निकाह आहेत, शाळांची स्नेहसंमेलने आहेत, उरुसातली दुकाने आहेत. स्टुडिओवाले थकले आहेत आणि त्यांच्या मुलांनी मोबाईल दुरुस्तीची दुकाने टाकली आहेत. डब्यावरच्या कागदावर कोणाचे काय आहे ते सांगू शकणारा माणूस जिवंत आहे तोवर जाऊन त्याच्याकडून नावे लिहून घ्यावी लागतील. आमच्या शाळेची नववीची मुले येत्या सुट्टीत वह्या घेऊन निघणार आहेत. त्यांच्यासोबत येणाऱ्यांनी चहा-नाश्ता घरी करून यावा.