इंग्लिश खाडी: बोटीने की बोगद्याने?

१/ डोणगावहून लंडनला लेकीकडे गेलेल्या आईवडिलांना मोटारीने पॅरिस दाखवायचे ठरले, की घरात वाद ठरलेलाच: डोव्हरची बोट, की फोकस्टनचा बोगदा? बोटीला दीड तास, बोगद्याला ३५ मिनिटे. शिवाय बोगद्यात मोटार चालवायची नसतेच. ती आगगाडीत चढवली जाते.

२/ घाई असेल तर प्रश्नच मिटला. परंतु इतिहासाची गोडी असणाऱ्याने बोटच निवडावी. या बोगद्याची खोदाई खरे तर १८८०च्या सुमारासच सुरू झाली होती; दोन्ही किनाऱ्यांकडून दीड किलोमीटरहून अधिक काम झालेही होते. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने ते थांबवले. शत्रूचे सैन्य याच वाटेने आत शिरेल, असा जनरल वुल्झलींचा इशारा होता. हिंदुस्थानावर राज्य करणाऱ्यांना एका भुयाराची धास्ती! बोगदा खुला व्हायला १९९४ उजाडले.

३/ ही धास्ती खालच्या अंधारात उमगत नाही. बोटीच्या डेकवरून डोव्हरचे पांढरे कडे मागे सरताना दिसतात, आणि पलीकडचा किनारा किती जवळ आहे हेही. सर्वांत अरुंद जागी अवघे ३३ किलोमीटर पाणी. नेपोलियनची फौज बुलोनला याच पाण्यापाशी अडली. जंजिऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालायला घेतला होता, हे ठाऊक असणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही.