काउंटरवरचा नकार आपल्या टेबलावरच ठरतो

परदेशी निघालेल्या माणसाला विमानात घ्यायचे की नाही, याचा पहिला निर्णय सरकारी अधिकारी करत नाही. तो करतो विमान कंपनीचा, बऱ्याचदा तिने नेमलेल्या ठेकेदाराचा, काउंटरवरचा कर्मचारी. समोर लांबलचक रांग आणि पडद्यावर टायमॅटिक, म्हणजे देशोदेशीच्या प्रवेश-नियमांची यादी. प्रवाशाचे नागरिकत्व, पासपोर्टची मुदत, मुक्कामाचा देश, वाटेतला थांबा एवढे भरले की घ्यावे की न घ्यावे ते तिथे कळते. तुमच्या ग्राहकाने दिवाळीचा गल्ला बाजूला ठेवून ही सहल ठरवली आहे, हे त्या पडद्यावर कुठेच नसते.

हा कर्मचारी इतका कडक का, हे आपण ट्रॅव्हल एजंट ग्राहकाला सांगत नाही. उलट त्याच्या बरोबरीने कंपनीला बोल लावतो. चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर दंड कंपनीला बसतो आणि त्याला परतही तिलाच आणावे लागते. ब्रिटनमध्ये हा दंड माणशी २,००० पौंड, युरोपातही हजारो युरो. आपल्याकडे २००० सालच्या कायद्याने माणशी एक लाख रुपये होता; त्या कायद्याची जागा आता २०२५च्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्टने घेतली आहे, पण कंपनीची जबाबदारी तशीच आहे. शंका आली की काउंटरवरचा कर्मचारी नाहीच म्हणणार. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. म्हणून ‘व्हिसा मिळाला, काम झाले’ ही आपल्या धंद्यातली समजूत मला धोक्याची वाटते.

आपल्या इगतपुरीच्या भागात सगळ्यांत जास्त घात नावामुळे होतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव, अशी आपली रीत. पासपोर्टात रकाने दोनच. मधले नाव कुणाचे पहिल्या रकान्यात जाते, कुणाचे गळते, आणि कधी आडनावाचा रकाना कोरा राहून सगळे एकाच ओळीत छापले जाते. अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसाने येणाऱ्यांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रवेश बंद केला. पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, ही सवलत मागाहून आली. दुबईची सहल विकताना ते पान उघडून पाहणारे आपल्यात किती आहेत?

साठीच्या पुढच्या बायकांचे आणखी वेगळे. लग्नात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलायची रीत घरोघरी होती. मग आधारवर सासरचे नाव, आणि शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या पासपोर्टवर माहेरचे. मुलगा घाईत आईचे आधार व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिकीट ‘सुनंदा’ नावाने निघते आणि पासपोर्टात ती ‘मंगल’ असते. घरात दोन्ही नावांना ती ओ देते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. एखाद-दुसरे अक्षर चुकले तर कंपनी दुरुस्त करून देते. अख्खे नाव बदलायचे म्हटले की बहुधा नवे तिकीट. आणि ते रात्री दोन वाजता, त्या दिवसाच्या भावाने.

यावर साधा उपाय आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानाखाली दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग दोन बाणांच्या खुणा, मग नाव. काउंटरवरचे यंत्र हीच ओळ वाचते. तिकीट हिच्यावरून टाइप करावे, आणि तेही मूळ पासपोर्ट हातात घेऊन. फोटोत पासपोर्ट भिजून फुगलेला दिसत नाही, शिवण सुटलेली दिसत नाही, कोरी पाने किती उरली तेही दिसत नाही. फाटक्या पासपोर्टवरून बालीला निघालेले लोक मुंबईहूनच परत येतात. पासपोर्ट पाहिल्याशिवाय तिकिटाचे पैसे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली तरी चालतील.

मुदतीबद्दल थोडक्यात. थायलंड, सिंगापूर, इंडोनेशियासाठी सहा महिने शिल्लक हवेत. शेंगेन देशांसाठी तिथून निघाल्यावर तीन महिने, शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्रही भरावे लागते. केनिया-टांझानियाच्या ग्रुपला पीतज्वराची लस आधीच टोचून घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होते, म्हणजे निघायच्या आठवड्यात टोचलेली लस कागदावर नसल्यासारखीच.

वाटेतल्या थांब्यावर मात्र जरा थांबायला हवे. स्वस्तात बसते म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे जोडून देण्याची सवय वाढली आहे. दोन तिकिटे म्हणजे बहुतेक ठिकाणी सामान घेऊन बाहेर पडायचे आणि पुन्हा चेक-इन करायचे. बाहेर पडायचे तर त्या देशाचा व्हिसा लागतो. लंडनला तर विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचे असले तरी भारतीयाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वगैरे वैध व्हिसा असणाऱ्यांना सूट आहे. जागेवर आठ हजार वाचवले म्हणून खूश झालेले कुटुंब मुंबईला सहारच्या टर्मिनलवर सामानासकट अडकते. ते आठ हजार आपण वाचवले नव्हते, त्यांच्याच डोक्यावर ठेवले होते.

डमी तिकिटाची प्रथा तर बंदच व्हायला हवी. परतीचे तिकीट दाखवायला बनावट बुकिंग करून द्यायचे आणि दोन दिवसांनी रद्द करायचे, याला आपल्यातले काही जण सेवा म्हणतात. काउंटरवर पीएनआर टाकला की एका क्षणात खरे काय ते कळते, आणि मग त्या प्रवाशाच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

याउलट जिथे भांडायचे तिथे आपण गप्प बसतो. कागद चोख, वेळ पाळलेली आणि तरी जागेपेक्षा जास्त तिकिटे विकली म्हणून खाली ठेवले, तर भरपाई हा प्रवाशाचा हक्क आहे. डीजीसीएच्या २०१६ पासूनच्या नियमानुसार तासाभरात दुसरे विमान दिले नाही, पण चोवीस तासांत दिले, तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. युरोपातल्या विमानतळावरून निघताना हे घडले तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो. मात्र नकाराचे कारण लेखी मागून घ्यायला ग्राहकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. कारण कागदावर नसेल तर पुढे दावा उभा राहत नाही.

आपल्याकडे येणाऱ्यांचाही विचार करायला हवा. पासपोर्टच्या एका शिक्क्यावर किती अवलंबून असते, ते इगतपुरीला कुणी शिकवायला नको. १९६९ साली ब्रह्मदेशाचे सरकार आपल्या नागरिकांना सहसा बाहेर जाऊ देत नव्हते. आई आजारी म्हणून तिथल्या सत्यनारायण गोयंकांना, विपश्यनेच्या आचार्यांना, भारतात यायला पासपोर्ट मिळाला. त्याच जुलैत मुंबईत त्यांचे इथले पहिले शिबिर झाले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रावर शिबिरे होऊ लागली. आज तिथे जगभरातून साधक येतात. त्यातल्या कुणाला निघतानाच अडवले तर आपल्याला कळते ते स्टेशनवरून गाडी रिकामी परत आल्यावर. कारणे बहुधा तीच: ई-व्हिसाच्या अर्जात पासपोर्ट क्रमांकातला शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची अदलाबदल, व्हिसा आल्यानंतर नवा काढलेला आणि जुना घरी ठेवलेला पासपोर्ट, किंवा सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या भलत्याच ठिकाणी भरलेले पैसे. बुकिंग पक्के होताच सरकारी संकेतस्थळाचा अचूक पत्ता पाहुण्याला कळवावा आणि मंजुरीची प्रत मागवून पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. नाशिकच्या २०२७च्या सिंहस्थासाठी परदेशी पाहुण्यांची चौकशी आपल्याकडे येईल, तेव्हा हे काम अंगवळणी पडलेले असावे.

परतीच्या प्रवासाची एक अडचण खास आपल्या गावची. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात साधकाचा फोन जमा असतो. त्या काळात विमानाची वेळ बदलली तर मेल येऊन पडतो, पण वाचायला कुणी नसते. अकराव्या दिवशी सकाळी शिबिर सुटते आणि कित्येकांनी त्याच दिवसाचे विमान घेतलेले असते. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून सगळे निर्धास्त झाले आहेत. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे, आणि बहुतेक आंतरराष्ट्रीय काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. शिबिर सुटण्याच्या दिवशीच उड्डाण असेल तर ते रात्रीचेच घ्यायला सांगावे. पाहुण्याची परवानगी घेऊन त्याचा पीएनआर आपल्याकडे ठेवावा आणि तो मौनात असेपर्यंत रोज एकदा उघडून पाहावा.