स्टिलवेलचा रस्ता, पण बांधला कुणी?

आसाममधल्या लेडोहून निघणारा, पटकाई डोंगरातली पांगसौ खिंड ओलांडून ब्रह्मदेशात शिरणारा आणि थेट चीनमधल्या कुनमिंगला पोहोचणारा सुमारे १,७०० किलोमीटरचा रस्ता आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शाळेच्या इतिहासात तरी तो मला भेटला नाही.

एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी लाशिओ घेतलं आणि चीनला रसद पुरवणारा ब्रह्मदेशातला मार्ग तुटला. त्याच डिसेंबरात अमेरिकन लष्कराने ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानातून नवा रस्ता खोदायला घेतला. पहिला ताफा कुनमिंगला पोहोचला ४ फेब्रुवारी १९४५ रोजी, आणि पुढच्या सहा-सात महिन्यांत युद्धच संपलं! जुलै १९४५ मध्ये विमानांनी चीनला सुमारे ७१,००० टन माल नेला, तर या रस्त्याने जेमतेम ६,००० टन.

रस्त्याला नाव मिळालं जनरल स्टिलवेलचं. तो बांधायला आलेल्या सुमारे १५,००० अमेरिकन सैनिकांपैकी साधारण ६० टक्के कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पलटणी वेगळ्या, कारण लष्करातला वर्णभेद तेव्हा अधिकृत होता. तो संपवण्याचा आदेश ट्रुमननी काढला १९४८ साली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना नागरी हक्कांच्या लढ्याची फळं आयती मिळाली, म्हणून हा तपशील मला जास्त टोचतो.

शिवाय सुमारे ३५,००० स्थानिक मजूर होते. मेलेल्या अमेरिकनांचा आकडा मिळतो: अकराशेच्या वर. मजुरांचा भरवशाचा आकडा नाही. आमच्या प्रयोगशाळेत नोंदवहीत नसलेला प्रयोग झालाच नाही असं धरतात. तिथे ते ठीक आहे, माणसांच्या बाबतीत नाही. मलेरिया, दरडी आणि पूर यांनी मरणाऱ्याची वर्दी पाहिली नसणार. या रस्त्यावर स्मारकं उभारताना, पर्यटन महोत्सव भरवताना या मजुरांचा उल्लेख आधी व्हायला हवा, असं आम्हाला वाटतं.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. पटकाईच्या दोन्ही उतारांवर तांगसा आणि सिंगफो लोकांची वस्ती आहे. सोयरिक, बाजारहाट सगळं खिंडीपलीकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत सरकारने म्यानमारच्या १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याचं आणि सीमेवरच्या रहिवाशांची मुक्त ये-जा बंद करण्याचं जाहीर केलं. सुरक्षेची काळजी खोटी नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमार पेटलेला आहे. पण पळून येणाऱ्यालाही हीच वाट आहे. निर्णयानंतर काही आठवड्यांतच मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले. ते ठराव दिल्लीने निदान वाचावेत.