तेवीसच क्रूस का?

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकमाने सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आलं. त्यांत एक वसईचा होता, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पुढे १६२७च्या सुमारास जाक कालो या लोरेनच्या चित्रकाराने या प्रसंगाचं छापचित्र काढलं. रेनेसाँच्या मुद्राचित्रांची परंपरा त्याच्या हाती आली होती. तांब्याच्या पत्र्यावर लेप, त्यात सुईने ओढलेल्या रेघा, मग आम्ल. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत आणि भाविकांच्या घरोघर पोचत. या चित्रात क्रूस मोजले तर तेवीसच भरतात. वगळलेले तिघे, पॉल मिकी आणि त्याचे दोन सोबती, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे होते. उरलेले तेवीस फ्रान्सिस्कन साधू आणि त्यांचे जपानी अनुयायी. भक्तिचित्र म्हणून आपण जे हात जोडून पाहतो, ते इथे एका धर्मसंघाचं वकीलपत्रही आहे.

यावर कुणी म्हणेल, कालोने खोटं काहीच केलं नाही. खरं आहे. १६२७मध्ये पोप आठवे अर्बन यांनी तेवीस फ्रान्सिस्कनांना ‘धन्य’ घोषित केलं आणि चित्रकाराने तेवढेच दाखवले. पण जपानात धर्मप्रसार कुणी करावा यावरून या दोन संघांत आधीपासून चुरस होती, हे ध्यानात घेतलं की चौकटीबाहेर राहिलेले तिघेही बोलू लागतात. भक्ताला इतिहास कशाला हवा, हा आक्षेपही मला पटत नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख वराहदेव या वाकाटक मंत्र्याने ते लेणं करवून घेतल्याचं सांगतो. म्हणून तिथल्या बुद्धापुढे कुणाची श्रद्धा उणावत नाही. दाता कोण हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला तरी परका नसावा.

आणखी एक आक्षेप अधिक कडवा आहे. वसई म्हटलं की मराठी मनात १७३९ची चिमाजीअप्पांची मोहीम उभी राहते. पोर्तुगीज अमलातल्या धर्मांतराचा, जुलमाचा इतिहास खोटा नाही. मग वसईच्या गोन्सालोचं कौतुक आपण का करावं? कौतुक करूच नये, माहिती करून घ्यावी. गोन्सालो जेझुइटांच्या हाताखाली वाढला, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. तो व्यापारी झाला, जपानी भाषा शिकला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि फ्रान्सिस्कन साधू पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषी म्हणून जपानला गेला. १८६२मध्ये तो संत ठरला. कोकणच्या किनाऱ्यावरून निघालेला दुभाषी दोन संघांच्या मधे सापडतो, ही कथा महाराष्ट्राच्या इतिहासात हवी. ती मात्र कालोच्या चित्रातून मिळणार नाही. तिथे गोन्सालो कुठला, हे ओळखायला चेहऱ्यात काहीच खूण नाही. शाळेच्या पुस्तकात हे चित्र छापायचं तर सव्वीस हा आकडा आणि त्या तिघांची नावं त्याखाली छापावीत.